काश्मीरच्या गाडीतून उतरून दोन दिवस एकटीने बर्फात जावे का?

पत्राचा सारांश: खानापूर तालुक्यातील एका गावच्या आणि सध्या बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात अभियंता असलेल्या ३१ वर्षांच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. येत्या फेब्रुवारीत त्या आई-वडिलांना घेऊन गोवा एक्सप्रेसने दिल्लीला, तेथून वैष्णोदेवीच्या दर्शनासाठी कटऱ्याला आणि पुढे नव्या रेल्वेने श्रीनगरला जाणार आहेत. श्रीनगरात आई-वडील दोन दिवस विश्रांती घेतील, तेवढ्या वेळात गुलमर्गला जाऊन एकटीने स्की टूरिंग करायचे, म्हणजे स्कीच्या तळाला स्किन नावाच्या, मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या चिकटवून चढायचे आणि त्या काढून खाली उतरायचे, असा त्यांचा बेत आहे. पहिल्या दिवशी खिलनमर्गचे कुरण, दुसऱ्या दिवशी त्यावरच्या अफरवट शिखराच्या बाजूने आणखी वर, संध्याकाळी श्रीनगर आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. त्यांनी गुलमर्गच्या सरकारी संस्थेत स्कीइंगचे दोन अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत, त्यानंतर वाटाड्यासोबत टूरिंगही केले आहे, आणि भीमगडचे रान व चंदगडकडचे किल्ले त्या एकट्याने फिरतात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, काश्मीरमध्ये राहिलेले. त्यांनी हा बेत ऐकताच सांगितले, “बर्फात आम्हाला सुद्धा कधी एकट्याला सोडले नाही.” आई म्हणाली, “बाईच्या जातीने एकटीने कशाला जायचं तिथं?” दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ मोटारसायकलवरून एकटा लेहला जाऊन आला, तेव्हा मात्र गल्लीतल्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला होता. भगिनी विचारतात: मी मुलगी आहे म्हणूनच हा नकार नाही का? वाटाडा घेतला तर एकटे जाण्याला अर्थ काय उरतो? आणि घरी “श्रीनगरातच फिरते” असे सांगून गेले, तर त्यात एवढे काय बिघडले?

उत्तर:

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते भावाबहिणीला लावल्या जाणाऱ्या दोन मापांबद्दलचे वाटले आणि दुसऱ्या वाचनात बर्फाबद्दलचे. हे दोन्ही विषय तुमच्या घरात एकाच संध्याकाळी, एकाच वादात निघाल्यामुळे ते एकमेकांत इतके गुंतले आहेत, की एकाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले असे तुम्हाला वाटू लागले आहे. ते आधी सोडवून घेऊ.

भावाबद्दलची तुमची तक्रार खरी आहे आणि तिला मी कोणतेही ‘पण’ जोडणार नाही. मुलगा एकटा गेला की धाडस आणि मुलगी एकटी निघाली की अविचार, हे माप आपल्याकडे निपाणीपासून लोंढ्यापर्यंत घरोघर वापरले जाते आणि ते वापरणाऱ्यांना त्यात काही वावगेही वाटत नाही. हे तुम्ही आईला स्पष्ट सांगायला हवे. मात्र ते गुलमर्गच्या बेताला न जोडता सांगा, कारण जोडून सांगितले की घरचे लोक बेताची जोखीम दाखवून तुमची तक्रारच खोडून काढतील, आणि तुम्ही तक्रार खरी आहे म्हणून जोखीम नाकाराल. घरच्यांनी अन्याय केला म्हणून बर्फाचा उतार तुमच्यासाठी अधिक सुरक्षित होत नाही.

आता वडिलांचे वाक्य पुन्हा वाचा. आईच्या वाक्यात ‘बाई’ हा शब्द आहे, वडिलांच्या वाक्यात तो नाही. त्यांनी ‘आम्हाला सुद्धा’ असे म्हटले आहे, म्हणजे शस्त्र, प्रशिक्षण आणि वायरलेस असलेल्या, पंचविशीतल्या धडधाकट जवानांना. सैन्याचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गलाच आहे आणि बर्फातील युद्धाचे धडे जवानांना तेथे दिले जातात. २०१० च्या फेब्रुवारीत याच संस्थेच्या प्रशिक्षणार्थी जवानांवर खिलनमर्ग भागात हिमस्खलन कोसळले आणि डझनाहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. तुमच्या वडिलांच्या पिढीच्या फौजी माणसाला ही बातमी वर्तमानपत्रातून नव्हे, पलटणीतून कळलेली असते. त्यांचा नकार आईच्या नकारासोबत ऐकू आला, म्हणून तुम्ही दोन्हींचा अर्थ एकच लावलात. माझ्या मते यातला एक नकार बाजूला ठेवण्याजोगा आहे आणि दुसरा समोर बसून नीट ऐकण्याजोगा.

पत्रात तुम्ही खिलनमर्गला ‘पहिल्या दिवसाचा सोपा भाग’ म्हटले आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. खिलनमर्ग हे स्वतः सौम्य उताराचे कुरण आहे, हे खरे. पण त्याच्या माथ्यावर अफरवटचे तीव्र उतार आहेत आणि तेथून सुटलेला बर्फ खालच्या सौम्य जागेत येऊनच थांबतो. पायाखालचा उतार पाहून निर्धास्त होणे ही बर्फातली फार सहज होणारी चूक आहे. आपल्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. २०२४ च्या २२ फेब्रुवारीला याच खिलनमर्ग परिसरातील हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा. तुम्ही निवडलेला महिना तोच आहे.

एकटे असण्याने नेमका काय फरक पडतो, हे तुमच्यासारख्या अभियंत्याला आकड्यांत सांगितलेले बरे. हिमस्खलनाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहापैकी नऊ जण जगतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशावर येते, कारण बहुतेकांचा जीव थंडीने जात नाही, श्वास कोंडून जातो. दहा मिनिटांत कोणतेही बचावपथक पोहोचत नाही. तेवढ्या वेळात फक्त सोबतचा माणूस पोहोचू शकतो. त्यासाठीच प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संकेत देणारा आणि इतरांचे संकेत पकडणारा ट्रान्सिव्हर असतो आणि पाठपिशवीत बर्फात खुपसून माणूस शोधायची, जोडून लांब करता येणारी सळई व फावडे असते. गेल्या वर्षी हे तिन्ही साहित्य विकत घेतल्याचे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. पण सळई आणि फावडे ही दुसऱ्याला काढण्याची साधने आहेत, आणि तुमचा ट्रान्सिव्हर बर्फाखालून कितीही इमानाने संकेत देत राहिला तरी तो ऐकणारा वर कोणी नसेल, तर त्याचा उपयोग पुढे केवळ शोध लवकर संपण्यापुरता होतो. हे लिहिताना मलाही बरे वाटत नाही, पण तुमचा बेत या साहित्याच्या भरवशावर उभा असल्यामुळे ते सांगणे भाग आहे.

आपल्या भागात हिमस्खलनाचा विषय निघाला की धारवाड जिल्ह्यातील बेटदूरच्या लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद यांची आठवण निघतेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर बर्फाखाली गाडले गेल्यानंतर सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले आणि त्या आठवड्यात सगळा कर्नाटक त्यांच्यासाठी प्रार्थना करत होता. त्या घटनेतून काही जणांच्या मनात असा समज राहून गेला आहे, की धीर धरला तर माणूस बर्फाखालीही तग धरतो. त्यांच्यासोबतचे नऊ जवान वाचले नाहीत आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीतील लष्करी रुग्णालयात त्यांचेही निधन झाले, हा त्या घटनेचा उरलेला भाग आहे.

सह्याद्रीत एकट्याने फिरण्याचा अनुभव तुमच्या पत्रात मोठ्या विश्वासाने आला आहे आणि तो अनुभव लहान नाही. पाण्याचे नियोजन, वाटेचा अंदाज, वेळेवर परत फिरण्याची शिस्त हे सारे बर्फातही कामी येते. एक गोष्ट मात्र कामी येत नाही. पारगडाची वाट काल जशी होती तशीच आज असते, आणि जी धार दहा जणांनी ओलांडली ती अकराव्यालाही साधारण तशीच भेटते. बर्फाच्या उताराचे तसे नसते. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ पुढे बरेच दिवस कोरडी कडक थंडी राहिली की आतून बदलतो आणि त्याचा जाड्या साखरेसारखा मोकळा, एकमेकांना न धरणारा थर तयार होतो. त्यावर फेब्रुवारीतला जड बर्फ पडतो, वारा तो दाबून त्याची सलग लादी बनवतो, आणि वरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच पांढरे दिसते. अशा उतारावरून दहा जण जाऊनही काही होत नाही आणि अकराव्याच्या वजनाने, नेमक्या पातळ जागी, ती लादी सुटते. हे प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडते, म्हणजे स्की करणाऱ्याला सर्वांत आवडणाऱ्या उतारांवरच. शिवाय ज्यांच्यावर असे संकट येते, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेले असते. सह्याद्रीतला अनुभव येथे एका अर्थाने अडचणही करतो, कारण ‘आतापर्यंत काही झाले नाही’ याला तेथे जी किंमत आहे, ती येथे नाही.

समजा हिमस्खलन झाले नाही. बर्फात एकट्या माणसाची फजिती बहुधा फार लहान गोष्टीने सुरू होते. दुपारी दोन वाजता चढ संपतो, तुम्ही स्किन काढून घडी घालता, पुन्हा लावायची वेळ येते तेव्हा तिच्या गोंदाला बर्फाचे कण चिकटलेले असतात आणि ती स्कीला धरत नाही. किंवा बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगच्या पुढच्या जबड्यात बर्फ दाटून बूट बसत नाही, आणि तो बर्फ खरवडायला हातमोजे काढावे लागतात. सोबत कोणी असेल तर हा पाच मिनिटांचा खोळंबा असतो. एक जण स्किन जॅकेटच्या आत घालून ऊब देतो, दुसरा चहा काढतो. एकटीने असताना हेच काम बोटे बधिर होत असताना करावे लागते, तोवर चढताना आलेला घाम अंगावर गार पडलेला असतो, आणि कंबरभर मऊ बर्फात स्की हातात घेऊन चालणे हा पर्याय नाही हे पहिल्या पाच पावलांत कळते. गुडघा मुरगळला तर गोष्ट आणखी लवकर बिघडते. फेब्रुवारीत तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर पारा शून्याच्या बराच खाली जातो.

युरोपातील एकट्या स्कीपटूंच्या ज्या चित्रफिती तुम्ही पाहिल्यात, त्यांच्याविषयी थोडे. त्या खऱ्याच असतील. पण आल्प्समध्ये रोज सकाळी उताराची दिशा आणि उंची यांनुसार धोक्याची पातळी सांगणारी पत्रिका निघते, हेलिकॉप्टर तुलनेने लवकर येते, आणि पाठपिशवीच्या पट्ट्याला एक छोटे उपग्रह संदेशयंत्र लटकलेले असते. यांपैकी शेवटची वस्तू तर तुम्ही चुकूनही सोबत नेऊ नका. भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असे संदेशयंत्र बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. साध्या मोबाइलचे सांगायचे, तर बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. बेळगावातून निघण्यापूर्वी ही व्यवस्था करा आणि आई-वडिलांच्या फोनचीही करा, कारण या प्रवासात नुसती चुकामूक व्हायलाही तेवढे कारण पुरते. आपल्याकडे हिमस्खलनाचे इशारे चंडीगड येथील डीआरडीओच्या संस्थेकडून येतात आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ते जिल्हावार प्रसिद्ध करते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येते. हा इशारा उपयोगी असतो, पण तो एवढेच सांगतो, की अमुक उंचीच्या वर धोका कमी, मध्यम की अधिक आहे. तुमच्या समोरच्या घळीबद्दल तो काही सांगत नाही. ते सांगू शकतो तो त्या हंगामात रोज तेथे जाणारा माणूस. गोंडोलाच्या, म्हणजे तेथील केबल कारच्या, आजूबाजूच्या ठरावीक भागावर स्की गस्तीपथकाची नजर असते, त्यापलीकडे कोणी पाहत नाही. आणि पलीकडे म्हणजे किती पलीकडे, हेही तेथे महत्त्वाचे आहे, कारण नियंत्रण रेषा त्या डोंगरांपासून दूर नाही. आपण सीमाभागातले लोक सीमेची रेषा कागदावर असते असे धरून रोज इकडून तिकडे जातो-येतो. ती सवय तेथे उपयोगाची नाही.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्या घरात कोणाचेच लक्ष गेलेले नाही, त्या गोष्टीकडे येतो. मला तुमच्या बेतात सर्वांत जास्त धोका दिसतो तो गाडीच्या वेळापत्रकात. अलीकडे पलीकडे आरक्षणे, मध्ये दोनच दिवस, आणि त्या दोन दिवसांत हवा कशीही असली तरी जे करायचे ते करूनच यायचे. बर्फात अनुभवी माणसांचेही निर्णय चुकतात ते बहुधा अशाच घाईपायी. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. सरकारी स्पर्धेची तारीख जेथे बर्फ पाळत नाही, तेथे तुमची काय पाळणार? आणि उशिरा आलेला बर्फ एकदम आणि भरपूर येतो, म्हणजे नेमके ज्या दिवशी सगळे सुंदर दिसते, त्याच दिवशी वर जाणे सर्वांत वाईट ठरते. मोठी हिमवृष्टी किंवा जोराचा वारा झाल्यावर निदान एक-दोन दिवस तीव्र उतारांपासून दूर राहायचे असते. तुमच्याकडे आहेतच दोन दिवस.

प्रवासाची आखणी त्यामुळे थोडी सैल करा. गोवा एक्सप्रेसच्या दोन रात्री धरा, उत्तरेतल्या धुक्यामुळे गाडीला उशीर होऊ शकतो हे धरा, आणि दिल्लीहून कटऱ्याची गाडी त्याच दिवशीची ठेवू नका. कटऱ्याला दर्शनानंतर एक दिवस आईच्या गुडघ्यांसाठी लागेलच. कटरा ते श्रीनगर हा टप्पा जून २०२५ पासून रेल्वेने सुमारे तीन तासांचा झाला आहे. बर्फ पडला की जम्मू-श्रीनगर महामार्ग अनेकदा बंद होतो, त्या मानाने गाडीवर अधिक भिस्त ठेवता येते. शिवाय नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाबचा पूल वडिलांना खिडकीतून पाहता येईल. त्यांच्या नोकरीच्या काळात हा सगळा प्रवास ट्रकच्या ताफ्यातून झाला असणार.

पुढे मात्र माझी सूचना तुमच्या बेताच्या उलट आहे: आई-वडिलांना श्रीनगरात ठेवून जाण्याऐवजी त्यांनाही गुलमर्गला न्या आणि तेथे चार रात्री राहा. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,०५० मीटरपर्यंत जातो. प्रकृती ठीक असेल तर तेवढे त्यांना झेपावे. टंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा १३ किलोमीटरचा घाट बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या वाहनानेच करावा लागतो, त्यामुळे तेथे रोज ये-जा करण्यात तसाही अर्थ नाही. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे आणि गुलमर्ग २,६५० मीटरवर, तेव्हा पहिला पूर्ण दिवस नुसता वावरण्यात घालवा. डोके दुखत असेल, भूक मेली असेल, तर दुसराही. उरलेल्या दिवसांपैकी जो दिवस वर जाण्याजोगा असेल तो तेथील माणसाच्या सल्ल्याने निवडायचा आणि एकही नसेल तर एकही निवडायचा नाही. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे हा बदल करायला तुम्हाला अजून वेळ आहे.

वाटाडा घेतला तर एकटे जाण्याला अर्थ काय, असे तुम्ही विचारता. तुम्हाला नेमके काय हवे आहे, ते पत्रातल्या एका ओळीत आले आहे: “दिवसभर कोणी हाक मारणार नाही, एवढेच मला पाहिजे.” कारखान्यात पाळी सांभाळून घरी येऊन पुन्हा घर सांभाळणाऱ्या बाईची ही मागणी अवाजवी नाही. पण हाक न मारणारा माणूस सोबत असणे आणि माणूसच नसणे यांत बरेच अंतर आहे. वाटाड्याशी आदल्या दिवशी चहा पिताना बोला. मला वाट स्वतः शोधायची आहे, चुकत असेन तरच बोला, एरवी गप्पा नकोत, असे सांगितले तर त्यात त्याला काही विचित्र वाटणार नाही. अबोल गिऱ्हाईक कोणत्याही वाटाड्याला चालते. शिवाय संशयास्पद उतार एका वेळी एकानेच पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, हा स्की टूरिंगचा साधा नियम आहे. म्हणजे दिवसातल्या सर्वांत कठीण जागा तुम्ही तशाही एकटीनेच पार करणार आहात, फक्त कोणीतरी पाहत असेल. पर्यटन विभागाकडे नोंदलेला वाटाडा घ्या, त्याच्याकडेही ट्रान्सिव्हर, सळई आणि फावडे आहे हे डोळ्यांनी पाहा, आणि निघण्यापूर्वी दोघांचे ट्रान्सिव्हर एकमेकांवर तपासा. खर्च जास्त वाटत असेल तर तुमच्या अभ्यासक्रमातील कोणी त्या आठवड्यात येणार आहे का, ते विचारा.

आणि तरीही काही तास अगदी एकटीने हवेच असतील, तर त्यालाही जागा आहे, पण ती अफरवटवर नाही. गुलमर्गच्या पठारावर आणि त्याच्या कडेच्या झाडीत ३० अंशांहून कमी उताराच्या बऱ्याच जागा आहेत. नकाशावर पाहून आणि प्रत्यक्ष विचारून अशी वाट निवडा, की जिच्या वरही तीव्र उतार नाही. उतार मोजायला स्कीची काठी बर्फावर उताराच्या दिशेने, वरून खाली अशी टेकवून तिच्यावर फोन ठेवा. कोन मोजण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. ओढ्याच्या खोलगट तळातून जाऊ नका, झाडांच्या बुंध्याजवळ पोकळ बर्फाचा खड्डा असतो म्हणून बुंध्यापासून लांब राहा, आणि दुपारी दोनला जेथे असाल तेथून परत फिरा. पायाखाली बर्फ ‘धप्प’ असा बसल्याचा आवाज आला, स्कीच्या पुढे तडा धावताना दिसला किंवा समोरच्या डोंगरावर ताजे स्खलन दिसले, तर घड्याळ न पाहता परत फिरा. फोन अंगाच्या उबेत ठेवा, थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. भाड्याने स्की घेणार असाल तर टूरिंगची बाइंडिंग सगळीकडे मिळत नाही, तेव्हा आधी फोन करून ठेवा; स्वतःची लांब पिशवी गोवा एक्सप्रेसच्या बाकाखाली सरकवायची असेल, तर ती इतर प्रवाशांच्या पायात येणार नाही असा खालचा बाक मागा. विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेले आहेत का, तेही पाहून घ्या.

तुमच्यासारखे पत्र लिहिण्याच्या बेतात असलेल्या, पण स्कीचे शिक्षण न घेतलेल्या वाचकांना थोडक्यात सांगतो: गुलमर्गला जाऊन दोन दिवस स्की भाड्याने घेणे आणि टूरिंग करणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. आधी संस्थेतला अभ्यासक्रम, मग गस्तीच्या हद्दीत सराव, मग सोबतीने टूरिंग. एकट्याचा विचार त्यानंतरचा आहे.

शेवटचा प्रश्न, न सांगता जाण्याचा. येथे मला नैतिकतेपेक्षा शोधकार्याची काळजी अधिक आहे. “मुलगी श्रीनगरात लाल चौकात फिरते आहे” असे समजून चाललेल्या आई-वडिलांना रात्री नऊपर्यंत शंका येणार नाही, आणि आली तरी ते पोलिसांना चुकीचे गाव सांगतील. तेव्हा खोटे सांगून जाऊ नका, आणि झाडीतल्या त्या काही तासांसाठीसुद्धा हॉटेलच्या काउंटरवर एका कागदावर वाट, जॅकेटचा रंग, परतण्याची वेळ आणि त्या वेळेनंतर किती मिनिटांनी ११२ वर फोन करायचा, एवढे लिहून ठेवा. त्याची दुसरी प्रत वडिलांना द्या. परवानगीसाठी त्यांच्याशी पुन्हा वाद घालण्याऐवजी नकाशा पसरून त्यांना विचारा, की त्यांच्या पलटणीत गस्त निघताना कोणाला काय सांगून निघायची आणि हवा बिघडली की परत फिरण्याचा शब्द कोण द्यायचा. भाऊही त्या वेळी घरी असेल असे पाहा. लेहला जाताना त्याने असे काही लिहून ठेवले होते का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यायला माझी हरकत नाही.